तिसरा आकडा

मे १९९१. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एका कार्यशाळेत गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ आमनेसामने बसले होते. वाद एका आकड्याचा होता.

बैजिक भूमितीत समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या आकारांचा अभ्यास होतो. अशा आकारांवर रेषा मोजायचा नाद जुना. त्रिघाती समीकरणाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, संमिश्र संख्या धरून, नेमक्या २७ सरळ रेषा असतात, हे केली आणि सॅमन यांनी १८४९ मध्येच दाखवलं. पाच चलांच्या पंचघाती समीकरणाचा आकार मात्र डोळ्यांपुढे आणणंही अवघड. त्यावर सर्वसाधारणपणे २,८७५ रेषा असतात, हे एकोणिसाव्या शतकात कळलं. ६,०९,२५० शंकुच्छेद, म्हणजे दुसऱ्या घाताचे वक्र, असतात, हे शेल्डन कॅट्झ यांनी १९८६ मध्ये काढलं. पुढचे, तिसऱ्या घाताचे परिमेय वक्र (एकाच प्राचलाच्या बहुपदींनी मांडता येणारे) किती?

नॉर्वेचे गणिती एलिंग्सरूड आणि स्ट्रोमे यांनी संगणकाच्या मदतीने उत्तर काढलं: २,६८,२५,४९,४२५. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप कँडेलास आणि सहकाऱ्यांचं उत्तर होतं ३१,७२,०६,३७५. यांनी मुळात मोजलंच नव्हतं! स्ट्रिंग सिद्धांतानुसार या आकाराला एक ‘आरसा’ असतो. दिसायला अगदी निराळा, पण भौतिकी तीच. इकडची अवघड मोजणी तिकडे कलनातलं गणित होते. त्यातून एक अनंत मालिका मिळते. तिचा पहिला सहगुणक २,८७५, दुसरा ४८,७६,८७५. दुसऱ्यातून पहिला वजा करा आणि २ च्या घनाने, म्हणजे ८ ने भागा. बरोबर ६,०९,२५०. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावं असंच आहे हे.

पहिले दोन आकडे जुळले, तिसराच अडला. सिद्धता नसलेल्या आडाखेबाजीवर गणिती विश्वास ठेवणार कसे? माझ्या मते त्यांचा संशय रास्तच होता. पण त्याच जुलैत नॉर्वेच्या जोडीला आपल्याच संगणकीय आज्ञावलीतली चूक सापडली. ती सुधारल्यावर उत्तर आलं ३१,७२,०६,३७५. भौतिकशास्त्र जिंकल्याची वर्दी त्यांनी स्वतःच ई-मेलने दिली.

आरशातून आलेल्या सूत्रांची सिद्धता यायला आणखी काही वर्षं लागली: १९९६ मध्ये गिव्हेंटाल, १९९७ मध्ये लिआन, लिऊ आणि याऊ. तरी एक गोम उरलीच. ही सूत्रं प्रत्येक घातासाठी आकडा देतात. पण अशा सर्वसाधारण आकारावर प्रत्येक घाताचे परिमेय वक्र मोजण्याजोगे, म्हणजे सांतच असतात, हे क्लेमेन्स यांचं अनुमान सगळ्या घातांसाठी अजून सिद्ध व्हायचं आहे.