नकाराचे येणे-जाणे

‘युनिव्हर्सिटी स्टुडंट’च्या आधी ‘अ’ येतो, तर ‘एम.एल.बी. स्टुडंट’च्या आधी ‘ॲन’ का, यू हा स्वर व एम हे व्यंजन असे शाळेत घोकलेले असताना हा उलटा न्याय कुठला, अशी पृच्छा ग्वाल्हेरच्या एका विद्यार्थ्याने केली आहे. शंका रास्त आहे. फिर्याद तेवढी भलत्या कचेरीत दाखल झाली आहे. येथे अंमल डोळ्यांचा नसून कानाचा आहे, आणि ज्याला देवनागरी येते त्याच्या हाती निकाल आयताच असतो: इंग्रजी शब्द आपल्या लिपीत लिहावा, आरंभी स्वर आला तर ‘ॲन’, एरवी ‘अ’. युनिव्हर्सिटीच्या दाराशी य उभा आहे, एमच्या दाराशी ए. तासाचा वाचक जो ‘अवर’, त्यातला एच तर उच्चाराच्या दप्तरातून केव्हाच खारीज झालेला. अंकांनाही हाच कायदा लागू आहे. ग्वाल्हेरच्याच किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरातला, शून्याच्या चिन्हासाठी विख्यात असा इ.स. ८७६ चा शिलालेख ‘एट’मुळे ‘ॲन’चा मानकरी ठरतो, आणि त्यातच नोंदलेल्या बागेची १८७ हातांची बाजू ‘वन’मुळे ‘अ’वर भागवते.

वास्तविक अधर्म पण अनादि, अज्ञान पण अनर्थ असे म्हणणारा मराठी मनुष्य हा नियम अजाणता नित्य पाळीत असतो. पाणिनीने सहाव्या अध्यायात, लागोपाठच्या दोन सूत्रांत, निषेधवाचक ‘न’ या शब्दातील नकाराला प्रथम बडतर्फ केले आणि पुढे स्वर दिसताच नव्या नकाराची नेमणूक केली. इंग्रजी नेमकी उलट्या वाटेने गेली. ‘एक’ या अर्थाच्या तिच्या प्राचीन ‘आन’मध्ये नकार मूळचाच होता, तो व्यंजनापुढे कालांतराने गळाला आणि स्वरापुढे टिकला. दोन स्वरांची टक्कर टाळण्यासाठी दोहोंकडे तैनात झालेल्या या शिपायाची ओळख आम्हाला इंग्रजीच्या तासाला कुणी करून दिली असती, तर कितीतरी छड्या वाचल्या असत्या!

या शिपायाने मेंदूच्या संशोधकांनाही कामाला लावले. वारा सुटला आहे, मुलगा काहीतरी उडवायला बाहेर पडला आहे, आता ‘अ काइट’ येणार असे वाटत असता मध्येच ‘ॲन एअरप्लेन’मधला ‘ॲन’ आला की वाचकाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी पालटतात, अर्थात पुढील शब्दाचा उच्चारही मेंदू आगाऊच ताडून ठेवतो, असे डीलाँग, अर्बाक व कुटास यांनी २००५ साली प्रसिद्ध केले आणि त्याचा मोठा बोलबाला झाला. २०१८ साली नऊ प्रयोगशाळांची ३३४ जणांवरील फेरतपासणी प्रसिद्ध झाली; पतंगाऐवजी विमान आल्याची खळबळ तीत स्पष्ट उमटली, ‘ॲन’च्या खळबळीचा मात्र खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.