बाल्यातील संपर्क आणि प्रौढपणीचा कर्करोग

बंगळूर येथील किदवई स्मारक कर्करोग संस्थेत १९८२ सालापासून शहरातील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे. आरंभीच्या वर्षांत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते. पुढे ते स्थान स्तनाच्या कर्करोगाने घेतले. अशा नोंदीवरून रोगाचे निदान कोणत्या वयात झाले हे कळते. त्याचे बीज केव्हा पडले हे मात्र कळत नाही. या दोहोंमध्ये कित्येक दशकांचे अंतर असू शकते.

याचे कारण स्तनग्रंथीच्या रचनेत आहे. जन्माच्या वेळी ही ग्रंथी अपूर्ण असते. वयात येताना तिची झपाट्याने वाढ होते आणि पहिल्या पूर्ण गर्भारपणात ती परिपक्व होते. वाढीच्या काळात पेशींचे विभाजन वेगाने चालते. त्यामुळे एका पेशीच्या आनुवंशिक द्रव्यास झालेली इजा पुढील असंख्य पेशींत उतरू शकते. म्हणूनच अपायकारक घटकाची मात्रा जितकी महत्त्वाची, तितकेच त्याच्याशी संपर्क आला ते वयही महत्त्वाचे ठरते.

१९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथील अणुस्फोटांतून वाचलेल्या स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीत हेच आढळले. स्फोटाच्या वेळी ज्या विशीच्या आत होत्या, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक वाढला. मात्र रोग प्रकट झाला तो बहुधा त्या प्रौढ झाल्यावरच.

काही वेळा हा संपर्क जन्मापूर्वीच घडतो. गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक दिले जात असे. अशा मातांच्या तरुण मुलींत योनिमार्गाचा एक अतिदुर्मिळ कर्करोग होत असल्याचे १९७१ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी दाखवून दिले. औषध घेतले मातेने; रोग झाला कन्येस.

डीडीटीविषयी कॅलिफोर्नियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात डीडीटीचे प्रमाण अधिक होते आणि ज्यांचा त्याच्याशी चौदा वर्षांच्या आत संपर्क आला होता, अशा स्त्रियांत पन्नाशीपूर्वी स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. चौदा वर्षांनंतर संपर्क आलेल्यांत असा संबंध दिसला नाही. एका अभ्यासावरून अंतिम निर्णय देता येत नाही, हे खरे. तथापि भारतातही हिवतापाच्या निर्मूलनासाठी १९५३ पासून डीडीटीची व्यापक फवारणी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न आपल्यालाही परका राहत नाही.

धोका वाढणे म्हणजे रोग अटळ होणे नव्हे. शिवाय बाल्यातील सर्वच प्रभाव घातक नसतात. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांस कारणीभूत होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींना देण्याची शिफारस आहे, ती संसर्गापूर्वीच संरक्षण मिळावे म्हणून. मुलींची क्ष-किरण तपासणी आवश्यक तेव्हाच करणे, कीटकनाशके घरात व शेतात जपून वापरणे आणि गर्भवतीस वैद्यकीय सल्ल्यावाचून औषध न देणे, हीदेखील कर्करोग-प्रतिबंधाचीच अंगे होत. प्रौढ स्त्रीच्या आरोग्याची काळजी तिच्या बालपणापासूनच, किंबहुना तिच्या जन्मापूर्वीच, घ्यावयास हवी.