पिकअपचे सेंटर बेअरिंग

टोमॅटो भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे निघालेली पिकअप जागेवरून उठताना थरथरते आणि वेगात खालून घरघर येते, तेव्हा दोष पुष्कळदा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट मधोमध पेलणाऱ्या बेअरिंगमध्ये असतो. पुढची खेप होऊ दे, असे म्हणू नये; कसारा घाटात शाफ्ट निसटला तर ब्रेकची नळीही तोडू शकतो. इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून शाफ्ट वरखाली हलवावा. रबर फाटलेले, बेअरिंग खडखडते, म्हणजे ते गेले. (गिअर टाकताना 'कट' वाजल्यास क्रॉसही पाहावा.) आयटीआयच्या मित्रांनी एक विसरू नये: खोलण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खूण करावी, खडूने नव्हे, पंचने. जोडणी फिरली तर नव्या बेअरिंगनंतरही थरथर राहते. बेअरिंग प्रेसवरच बसवावे. हातोड्याने ते बसते, पण टिकत नाही.