टिंबाची नोंद, जन्मवर्षाची नाही

मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या लेखात कोणी राहून गेलेला अनुस्वार दिला, की त्या पानाच्या इतिहासात नवी ओळ पडते: वेळ, सदस्याचे नाव आणि हिरव्या रंगात +३. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट जागा घेते, म्हणून एका टिंबाचे तीन. २००३ पासून असंख्य हातांनी लिहिला जाणारा हा ज्ञानकोश उभा आहे तो या काटेकोर नोंदीवर. दोघांनी एकाच वेळी एकच ओळ बदलली, तर मागून जतन करणाऱ्याला थांबवून दोन्ही मजकूर त्याच्यासमोर ठेवले जातात. वाद लेखाच्या चर्चापानावर मिटला नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर जातो. चूक उलटवता येते आणि उलटवणाऱ्याचेही नाव लागते. अनेकांनी मिळून लिहायचे म्हणजे गोंधळच, असे म्हणणाऱ्यांनी इतिहासाचे एक पान सावकाश वाचावे. तिथे राखण दिसते, डोळ्यांत तेल घालून केलेली.

त्याच लेखाच्या कडेला माहितीचौकट असते. अनेक लेखांत तिच्यातली जन्मतारीख किंवा लोकसंख्या त्या पानावर लिहिलेलीच नसते. ती विकिडेटा या सगळ्या भाषांच्या सामायिक माहितीसाठ्यावरून येते, आणि चित्र कॉमन्स या सामायिक चित्रसंग्रहावरून. विकिडेटावर कोणी जन्मवर्ष बदलले की मराठी पानावरही नवे वर्ष दिसू लागते, मात्र पानाच्या इतिहासात एकही ओळ पडत नाही. टिंबाचे +३ नोंदले जातात, अख्ख्या वर्षाचे काहीच नाही. एका ठिकाणी दुरुस्त केलेला आकडा सगळ्या भाषांत पोचतो आणि मोजक्या संपादकांच्या भाषेला हा मोठाच आधार आहे, हे खरे. हाताने भरलेली लोकसंख्या वर्षानुवर्षे शिळी पडून राहते, हेही खरे. बदलाची नोंद विकिडेटावर होतेच की, असेही म्हणता येईल. पण त्या व्यक्तीबद्दल जाणणारा मराठी संपादक मराठी पानावर पहारा देत असतो. बदल होतो दुसऱ्याच दाराशी, जिथे तो सहसा फिरकतही नाही.

मुळाशी राखण चोख असली तरी पुरत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नावाऐवजी ज्यूद्वेष्टा शब्द असलेला नकाशा स्नॅपचॅटवर झळकला. खोडी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर झाली होती आणि तिथल्या स्वयंसेवकांनी ती केव्हाच उलटवली होती. नकाशे पुरवणाऱ्या मॅपबॉक्सच्या प्रतीतून ती तरीही लोकांच्या फोनपर्यंत गेली. निस्तरणाऱ्यांनी आपले काम केले होते, पुढे काय वाहत गेले ते त्यांच्या हातात नव्हते.

म्हणून बाहेरून येणारी माहिती बंद करू नये, तिला सहीशिवाय आत घेऊ नये. विकिडेटावरचे बदल संपादकाच्या निरीक्षणसूचीत, म्हणजे तो लक्ष ठेवत असलेल्या पानांच्या यादीत, दाखवण्याची सोय आहे, पण ती पसंतीक्रमात जाऊन ज्याची त्याने चालू करायची. ती आधीपासूनच चालू असावी. आणि चौकटीतले वर्ष बदलले की लेखाच्या इतिहासातही ओळ पडावी, टिंबाची पडते तशीच: वेळ, नाव, जुने वर्ष, नवे वर्ष.