आवड आपली, पण घडवली कोणी?

भेदभावाची पाळंमुळं : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण भाड्याच्या घरांबद्दल बोललो. वंश पाहून घर नाकारणाऱ्या घरमालकाला अमेरिकेत 1968 पासून कायद्याने जाब विचारता येतो. नोकरीच्या बाबतीत तशी सोय त्याआधी चार वर्षं झाली होती. पण एखाद्या तरुणाने डेटिंग ॲपवर कृष्णवर्णीय मुलींचे फोटो बघायचेच नाहीत असं ठरवलं, तर त्याला कोण काय म्हणणार? प्रेमाची सक्ती कोणावर करता येत नाही आणि करूही नये. त्यामुळेच 'ज्याची त्याची आवड' म्हणून हा विषय बाजूला ठेवला जातो. मला तो बाजूला ठेवावासा वाटत नाही. लाखो माणसांची आवड एकाच बाजूला झुकत असेल, तर तिच्यामागे काय आहे हे विचारलंच पाहिजे.

ओकेक्युपिड या अमेरिकी डेटिंग संकेतस्थळाने 2009 मध्ये आपल्या सदस्यांच्या संदेशांचा हिशेब प्रसिद्ध केला. कोण कोणाला लिहितं आणि कोणाला उत्तर येतं, याचा तो हिशेब होता. आलेल्या संदेशांना सर्वांत जास्त उत्तरं देणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियाच होत्या, आणि सर्वांत कमी उत्तरं मिळत होती तीही त्यांनाच. 2014 मध्ये संस्थापकांपैकी एक असलेल्या क्रिश्चन रडर यांनी पुन्हा आकडे मांडले. कृष्णवर्णीय स्त्रिया आणि आशियाई पुरुष यांना इतर गटांकडून मिळणारी पसंती अजूनही कमीच होती. मधल्या काळात 'मला माझ्याच वंशाचा जोडीदार हवा' असं उघड सांगणाऱ्यांचं प्रमाण मात्र घटलं होतं. माणसं बोलायला उदार झाली होती, निवड जुन्याच वळणाने चालली होती.

हे वळण आलं कुठून, हे पाहायला व्हर्जिनियातल्या सेंट्रल पॉइंट या खेड्यात जावं लागतं. रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी. मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी वंशाची. व्हर्जिनियात असं लग्न गुन्हा होता, म्हणून दोघांनी जून 1958 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि गावी परतले. जुलैतल्या एका रात्री शेरीफ आपली माणसं घेऊन थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. डोळ्यांवर बॅटरीचा झोत टाकून त्याने रिचर्डला विचारलं, ही बाई कोण? मिल्ड्रेड म्हणाली, मी त्यांची बायको. भिंतीवर लग्नाचा दाखला लावलेला होता. तो इथे चालत नाही, असं सांगून त्यांना अटक झाली. न्यायाधीशांनी एक वर्षाची कैद सुनावली आणि जोडीने राज्याबाहेर गेलात, 25 वर्षं एकत्र परतला नाहीत, तर ती माफ, अशी अट घातली.

लव्हिंग जोडप्याच्याच खटल्यात 12 जून 1967 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे कायदे रद्द केले. त्या दिवशी ते 16 राज्यांत लागू होते. अलाबामाच्या संविधानातलं तसं कलम काढायला तर 2000 साल उजाडलं, आणि त्या मतदानातही सुमारे 40 टक्के लोकांनी ते राहू द्या असा कौल दिला. कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधल्या लग्नाला मान्यता देणारे अमेरिकी लोक गॅलपच्या पाहणीत 1958 मध्ये 4 टक्के होते, 2021 मध्ये 94 टक्के. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळातला हा बदल आहे. तेव्हाच्या 96 टक्क्यांना विचारलं असतं, तर आपलं मत निसर्गाला धरून आहे असंच त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं असतं.

आशियाई लोकांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. प्यू संशोधन केंद्राच्या आकड्यांनुसार 2015 मध्ये नव्याने लग्न झालेल्या आशियाई स्त्रियांपैकी 36 टक्क्यांनी वंशाबाहेर लग्न केलं होतं, पुरुषांपैकी 21 टक्क्यांनी. कृष्णवर्णीयांत हे उलटं : पुरुष 24 टक्के, स्त्रिया 12 टक्के. निव्वळ 'परका वंश नको' एवढाच मामला असता, तर एकाच समाजातल्या स्त्री-पुरुषांत इतकी तफावत पडली नसती. तिच्यामागे जुनी चित्रं आहेत. एकोणिसाव्या शतकात चिनी मजूर अमेरिकेत आले, पण 1875 च्या कायद्यामुळे चिनी बायकांना तिथे येणं जवळपास अशक्य झालं. पुढे हे पुरुष धोबीखान्यांत आणि खानावळींत, बायकांच्या समजल्या जाणाऱ्या कामांत अडकले आणि त्यांच्या पुरुषत्वाची टिंगल सुरू झाली. आशियाई स्त्री म्हणजे नाजूक आणि आज्ञाधारक, असं दुसरं चित्र सिनेमाने रुजवलं. त्या चित्रापोटी मिळणारी पसंतीही अपमानाचीच. कारण समोरच्याला ती बाई दिसतच नसते.

कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या भेटी घडवून आणल्या होत्या. प्रत्येक जोडीला चार मिनिटं, मग पुन्हा भेटायचं का, याचं कागदावर होय किंवा नाही. 2008 मध्ये छापलेल्या निष्कर्षांतला एक माझ्या मनात ठसला आहे. ज्या भागात आंतरवंशीय लग्नांना विरोध जास्त, तिथून आलेले विद्यार्थी आपल्याच वंशाकडे जास्त झुकत. गाव सोडून न्यूयॉर्कला आले, तरी गावाचं मत सोबत आलं होतं.

ते सुटतही असावं. समाजशास्त्रज्ञ केव्हिन लुईस यांनी ओकेक्युपिडच्या सव्वा लाखाहून जास्त सदस्यांचे व्यवहार तपासले आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केले. पहिला संदेश पाठवताना माणसं आपल्याच वंशात घुटमळत. पण दुसऱ्या वंशाच्या कोणी आपणहून लिहिलं आणि त्याला एकदा उत्तर दिलं, की पुढचे काही दिवस तेच लोक स्वतःहून वंशाबाहेर लिहू लागत. आपल्याला तिथे कोणी विचारणार नाही, ही धास्ती बऱ्याच जणांना अडवत असावी असं यावरून दिसतं.

ॲपवाल्यांनीही काही सोयी बदलल्या. ग्राइंडर या डेटिंग ॲपने जून 2020 मध्ये वंशानुसार गाळणी लावायची सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं. याला दुसरी बाजू आहे. सतत अपमान सोसलेली कृष्णवर्णीय मुलगी सुरक्षित वाटावं म्हणून आपल्याच समाजातला जोडीदार शोधत असेल, तर तिची गाळणी आणि तिला न बघताच वगळणाऱ्याची गाळणी मी एका मापाने मोजणार नाही.

त्याच महिन्यात शादी डॉट कॉमलाही कातडीच्या रंगाची गाळणी काढावी लागली, तीही अमेरिकेतल्या भारतीय मुलींनी आवाज उठवल्यावर. गोरी, निमगोरी, गव्हाळ ही यादी आपल्या स्थळांच्या जाहिरातींतून परदेशातही पोचली आहे. 'गोरा जावई चालेल, पण काळा नको' हे वाक्य तिथल्या आपल्या घरांतून आजही ऐकू येतं. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या वाचकांना माझी विनंती आहे : मुलाने किंवा मुलीने कोणाचं नाव सांगितलं, तर रंग आणि वंश विचारण्याआधी त्या व्यक्तीला घरी जेवायला बोलवा. जे काही मत करायचं, ते त्यानंतर करा.