उज्जयिनीतली घरफोडी आणि वीस बाजूंचा फासा

मध्यरात्र उलटलेली. शर्विलक चारुदत्ताच्या घराच्या भिंतीशी उभा आहे आणि भगदाड कुठल्या आकाराचं पाडावं याचा विचार करतो आहे. त्याच्या चौर्यशास्त्रात सात आकार सांगितलेत: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ वगैरे. भिंत भाजलेल्या विटांची, म्हणून तो पूर्णकुंभ पसंत करतो. मापाची दोरी घरीच राहिली, तर खांद्यावरचं जानवं काढून त्यानं माप घेतो. आत दिवा जळतो आहे, तर तो विझवायला खास बाळगलेला किडा सोडतो. एवढी तयारी करून आत गेल्यावर दागिन्यांचं गाठोडं त्याच्या हातात कोण देतं? चारुदत्ताचा मित्र मैत्रेय, तेही झोपेत बरळत.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'चा हा तिसरा अंक. गाव उज्जयिनी. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे आपल्याकडे चारुदत्त-वसंतसेना ही नावं नवी नाहीत. पण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या आजच्या मुलामुलींना हा प्रवेश वाचून दाखवला, तर ती म्हणतील, हे तर आमचं शनिवारचं सेशन आहे! चोराची जय्यत तयारी, ऐनवेळी विसरलेली वस्तू, त्यावर काढलेली पळवाट आणि शेवटी फाशांनी केलेली मेहेरबानी, सगळं तेच.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. उरलेलं सगळं जग त्याच्याकडे: राजा, पहारेकरी, पाऊस, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा. खेळाडू सांगतात, 'मी भिंत फोडतो'. जमेल की नाही अशी शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली हा खेळ पहिल्यांदा छापला. त्याची मुळं प्रशियन लष्करी अधिकाऱ्यांच्या युद्धखेळापर्यंत जातात. दोन्ही बाजूंच्या हालचालींचा निकाल देणारा पंच तिथेही होता.

डीएमचा खरा घोर सेशनच्या आदल्या रात्री सुरू होतो. उद्या काय घडणार? नवखा डीएम कादंबरी लिहायला बसतो: नायक वाड्यात येतील, म्हाताऱ्याला भेटतील, तो नकाशा देईल, मग ते गुहेत जातील. दुसऱ्या दिवशी खेळाडू म्हाताऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि दारावरच्या भालदाराशी दोन तास गप्पा मारतात. आता डीएमपुढे दोनच वाटा उरतात. एक तर लिहिलेलं फेकून द्यायचं, नाहीतर त्यांना ढकलत ढकलत म्हाताऱ्याकडे न्यायचं. या ढकलण्याला खेळाडू 'रेलरोडिंग' म्हणतात, आणि ती या छंदातली सर्वांत मोठी शिवी आहे. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकानं यावर दिलेला सल्ला आता जगभरच्या टेबलांवर मान्य झाला आहे: कथानक आखू नका, परिस्थिती आखा. कोणाला काय हवंय, त्याच्या हाताशी काय आहे आणि कोणी आडवं आलं नाही तर तो काय करील, एवढं लिहून ठेवा. खेळाडू काय करतील ते त्यांच्यावर सोडा.

नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. नाटककाराला त्या सोयीच्या, कारण फळ कुणाच्या पदरात पडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. डीएमच्या उपयोगाचा त्यातला फक्त आरंभ, फार तर यत्न. पुढचं त्याच्या हातात नसतं, आणि असूही नये.

तरीही डीएमनं नाटकाकडूनच शिकावं असं मला वाटतं, आणि त्यातही 'मृच्छकटिक'कडून. कारण त्यातलं जवळपास प्रत्येक पात्र स्वतःच्याच कामाला निघालेलं असतं. शर्विलकाला मदनिकेला दास्यातून सोडवायचंय, त्यासाठी पैसा हवा. मदनिका वसंतसेनेची दासी. चोरलेले दागिने निघतात वसंतसेनेचेच, चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले. संवाहक जुगारात दहा सुवर्ण हरतो आणि रिकाम्या देवळात उलट्या पावलांनी शिरून मूर्तीच्या जागी उभा राहतो. त्याचं कर्ज वसंतसेना फेडते. तो विरक्त होऊन भिक्षू होतो आणि पुढे आठव्या अंकात शकारानं गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेला तोच सावध करतो. राजाचा मेहुणा शकार मूर्ख आहे, पण सत्तेला चिकटलेला मूर्ख, म्हणून घातकी. यातल्या कोणालाही दुसऱ्याचं नाटक माहीत नाही. गाठी पडतात त्या रस्त्यावर.

सहाव्या अंकातली गाड्यांची अदलाबदल पाहा. चारुदत्ताचा गाडीवान गादी विसरतो आणि ती आणायला माघारी जातो. तेवढ्यात रस्ता खेड्यातल्या गाड्यांनी तुंबलेला म्हणून शकाराची गाडी नेमकी त्याच दाराशी थांबते. वसंतसेना तिच्यात चढते. गादी घेऊन गाडीवान परततो, तर तुरुंग फोडून पळालेला आर्यक त्याच्या गाडीत शिरतो, आणि त्याच्या पायांतल्या बेडीचा खळखळाट गाडीवानाला पैंजणांचा वाटतो. गादी विसरणं ही घटना क्षुल्लकच, पण तिचे परिणाम राज्यापर्यंत जातात. डीएमनं आखायचं ते इतकंच: दोन गाड्या, एक अरुंद रस्ता आणि घाईत असलेली तीन माणसं.

उज्जयिनीवर कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, रचायचं झालं, तर आर्यकाचा उठाव मी मागच्या बाजूला चालत ठेवीन. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या 2010च्या खेळापासून रूढ झालेलं आणि 'ब्लेड्स इन द डार्क'नं घरोघरी नेलेलं एक साधन यासाठी उत्तम आहे: कागदावर एक वर्तुळ काढायचं, त्याचे सहा भाग करायचे आणि परिस्थिती पुढे सरकली की एक भाग रंगवायचा. पहिला भाग सिद्धपुरुषाच्या भाकिताचा, की हा गुराख्याचा पोर राजा होणार. दुसऱ्यात राजा पालक त्याला पकडून कोठडीत टाकतो. तिसऱ्यात आर्यकाचा मित्र शर्विलक माणसं जमवतो. चौथ्यात तुरुंग फुटतो, पाचव्यात नाकाबंदी, सहाव्यात यज्ञमंडपात पालकाचा वध. खेळाडू दागिन्यांच्या चोरीमागे लागले असतील, तर हे वर्तुळ त्यांच्या नकळत भरत राहतं. मग एके सकाळी बाजारात पहारे दुप्पट झालेले दिसतात आणि त्यांना कळतं की शहर आपल्यासाठी थांबलेलं नाही.

चोरीच्या तपासात अलेक्झांडरचाच दुसरा नियम कामी येतो. खेळाडूंनी एखादी गोष्ट शोधून काढावी असं वाटत असेल, तर तिच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवावेत. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा हाती लागतो. इथे पहिला धागा भगदाडाचा आकार: असं देखणं काम गावात कोण करतं? दुसरा दिव्याजवळ पडलेला किडा. तिसरा, दुसऱ्याच दिवशी मदनिकेला मिळालेली मुक्ती.

फाशाचा हिशेबही आधी पाहून घ्यावा. आर्यकाला शोधणाऱ्या नाक्यावरच्या पहारेकऱ्याला, वीरकाला, थाप मारायची आहे. मध्यम अवघड कामाला पंधरा लागतात, पात्राच्या वाक्चातुर्याचे तीन धरले तर फाशावर बारा किंवा जास्त हवेत. म्हणजे वीसातल्या नऊ बाजू, पंचेचाळीस टक्के. पडलं नाही तर काय, याचं उत्तर तयार नसेल तर फासा टाकायला लावूच नये. गोष्ट ज्यावाचून पुढे जाणारच नाही, ती तर फाशावर कधीच सोडू नये.

उज्जैनचं नाव निघालं की वेताळ आलाच. 'चांदोबा' वाचून मोठ्या झालेल्या पिढीला प्रेत खांद्यावर घेतलेला राजा काढून दाखवावा लागत नाही. पैठणकरांसाठी एक गंमत: सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त हा राजा उज्जैनचा नव्हे. तो गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, त्रिविक्रमसेन. विक्रमादित्याची उज्जयिनी इतर वाचनांतून आपल्या मनात बसली.

डीएमला वेताळाकडून घेण्यासारखं आहे ते कामगिरी देणाऱ्या माणसाचं पात्र. भिक्षू रोज राजाला एक फळ भेट देतो. एके दिवशी माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. राजा उपकृत होतो आणि मागितलेलं काम करायला स्मशानात जातो. त्या कामाचा खरा हेतू, म्हणजे राजाचाच बळी, शेवटी कळतो, तोही ज्याला खांद्यावरून आणलं त्या वेताळाच्या तोंडून. खेळाडूंना काम देणारा आणि त्यांचा शत्रू एकच, हे आज खूप वापरून गुळगुळीत झालंय. तरी इथे ते टिकतं, कारण रत्नं खोटी नव्हती. मोबदला खरा असला की संशय उशिरा येतो.

वेताळाचे प्रश्न मात्र कोडी म्हणून वापरू नयेत. कोड्याला एकच उत्तर असतं आणि ते सुचलं नाही की टेबल तासभर ठप्प होतं. वेताळ न्याय विचारतो: तिघांतला खरा नवरा कोणता, दोष कुणाचा? खेळाडू जे उत्तर देतील ते बरोबर धरावं आणि त्याची किंमत पुढच्या सेशनमध्ये वसूल करावी.

मराठी टेबलाला शूद्रकाच्या काळाऐवजी 1801 सालही चालेल. तेव्हा उज्जैन शिंद्यांची राजधानी होती, आणि त्या जुलैत यशवंतराव होळकरांनी दौलतरावांच्या फौजेला इथेच धूळ चारली. लढाई मध्ये न आणता लढाईच्या आठवडाभर आधी खेळ सुरू करावा: सावकार रोकड हलवताहेत, हेर दोन्हीकडून पैसे घेताहेत, शिप्रेच्या घाटावर अफवा. नकाशावर राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी पुन्हा उभारलेलं महाकालेश्वर असेल, सवाई जयसिंगाची वेधशाळा असेल. बायजाबाईंचं गोपाळ मंदिर मात्र नसेल, ते पुढचं. आणि ज्यांची आजही पूजा होते त्या देवांना आकडे लावून राक्षसांच्या यादीत बसवू नये. हे मी श्रद्धेपोटी म्हणत नाही, काळभैरवाशी मारामारी हा मुळात कंटाळवाणा प्रसंग आहे. त्याच्या दारात मद्याचा नैवेद्य घेऊन उभ्या असलेल्या भक्तांत लपलेला हेर जास्त रंगतो. परक्या चष्म्यातून आलेलं पौर्वात्य जग या खेळानं बरंच मिरवलं. 2022 साली मिमी मंडल या बंगाली लेखिकेनं अधिकृत पुस्तकात बंगालच्या छायेतलं साहस लिहिलं, तेव्हा आतून लिहिलेली जागा कशी वेगळी दिसते ते कळलं. माळवा अजून मोकळाच आहे.

सेशन संपल्यावरचा अर्धा तास आधीच्या तीन तासांच्या तयारीपेक्षा मोलाचा. खेळाडूंनी कोणाला दुखावलं, कोणाला सोडलं, कोणतं नाव स्वतःहून दोनदा घेतलं, एवढं टिपून ठेवावं, आणि प्रत्येक पात्राला विचारावं की आता तू काय करशील. समजा नाटकातल्या चंदनक या पहारेकऱ्याप्रमाणे आर्यकाला वाचवण्याऐवजी तुमच्या खेळाडूंनी इनामाच्या लोभानं त्याला नाक्यावर वीरकाच्या हवाली केलं. मग पालक गादीवरच राहतो, चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ घेणाऱ्या शकाराला कोर्टात कोणी अडवत नाही, आणि दहाव्या अंकात वधस्थानाकडे निघालेल्या चारुदत्तासाठी नव्या राजाचा हुकूम घेऊन कोणीही येणार नाही. शर्विलकाला मात्र कळलंय की मित्राला कोणी विकलं. पुढच्या शनिवारची तयारी त्याच्यापासून सुरू करायची.