अंगठ्याच्या ठशात करिअर नसतं

दहावीचा निकाल लागला की भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावात एकच प्रश्न घरोघर फिरतो: "आता पोराला काय घ्यायचं?" उत्तर द्यायला मामा असतो, नागपूरला शिकून आलेला शेजारचा दादा असतो, अ‍ॅडमिशनचं पत्रक वाटणारा एजंट असतो. अलीकडे बोटांचे ठसे घेऊन ‘मेंदूचा नकाशा’ काढून देणाराही असतो. या गर्दीत माणसाची बलस्थानं ओळखून त्याला वाट शोधायला मदत करणारा समुपदेशक आला, तर लोक त्यालाही ज्योतिष्याच्या ओळीत बसवतात. चूक लोकांची नाही. या कामाविषयी गैरसमजच फार.

पहिला ठशांचाच घेऊ, कारण त्यात खिशातून पैसे जातात. "ठशांवरून कळतं, मुलगा डॉक्टर होणार की कलाकार." बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत, इतकं खरं. पण त्या रेषांवरून गणित, संगीत किंवा नेतृत्व मोजता येतं याला शास्त्रीय आधार नाही, आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलेलं आहे. ठसेवाले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव पुढे करतात. गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्त मांडला, हे बरोबर. त्याचा ठशांशी काडीचाही संबंध नाही. रंगीत छापलेला चाळीस पानी अहवाल हातात पडला की माणूस दबतो, एवढंच.

"कल चाचणीत जे आलं तेच घ्यायचं." राज्य सरकारने 2016 पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. कल म्हणजे ओढा. ओढा असणं वेगळं, जमणं वेगळं. म्हणूनच पुढे अभिक्षमता मोजण्याची जोड द्यावी लागली. पोलीस भरतीची तयारी करणारी दहा पोरं रोज पहाटे रस्त्यावर धावताना दिसली की अकराव्याचा कल ‘गणवेशधारी’ येणार, यात नवल ते काय? त्याने दुसरं काही जवळून पाहिलेलंच नसतं. समुपदेशकाचं काम त्या अहवालापाशी सुरू होतं, संपत नाही.

अभिक्षमता चाचण्या खोट्या नाहीत. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून मानसशास्त्राचा आधार घेऊन मुलांच्या क्षमतांवर काम करते आहे, मराठीतूनही. पण चाचणीतला गुण म्हणजे इतर मुलांशी केलेली तुलना. ती ‘इतर मुलं’ कोण, हे विचारायला हवं. शहरातल्या मुलांवर बेतलेल्या मोजपट्टीने घरी झाडीबोली, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाची बोली, बोलणारं पोर मोजलं, तर ‘भाषिक क्षमता कमी’ असा शेरा येऊ शकतो. तेच पोर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रात्री झाडीपट्टीच्या नाटकात दोन पानांचा संवाद न अडखळता म्हणतं. याच रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. अशी कामगिरी कुठल्या रकान्यात टिक करायची?

दुसरं उदाहरण बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं. रोवणी हुंड्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, घेणारी बाई पाहा. ती बांधावर उभी राहून नजरेनेच ठरवते: एवढ्या शेताला किती बाया, किती दिवस, पऱ्हे (रोपं) पुरतील की नाही. संध्याकाळी प्रत्येकीचा वाटा तोंडी काढते. कोणी उशिरा आली, कोणाचं लेकरू आजारी, कोणाचं कोणाशी वाजलं, हे सांभाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच टोळी चिखलात उभी करते. शाळेच्या दाखल्यावर ती ‘आठवी नापास’. अंदाज, हिशेब आणि माणसं बांधून ठेवणं ही तिची तिन्ही बलस्थानं तिला स्वतःलाच दिसत नाहीत, विचारलं तर म्हणेल, "हे तं सगळ्यांनाच येते."

मग "बलस्थानं सांगायची म्हणजे गोड गोड बोलायचं" हाही समज असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून आलेल्या गॅलपच्या चाचणीत 34 बलस्थानं आहेत. पीटरसन आणि सेलिग्मन यांनी 2004 मध्ये स्वभावाच्या 24 बलस्थानांची यादी मांडली. पण यादीवर बोट ठेवून कौतुक केलं की काम झालं, असं कोणीच म्हणत नाही. धावण्यात पहिला येणाऱ्या मुलाला लेखी परीक्षेची तयारी करावीच लागेल, हे त्याला तोंडावर सांगणं याच कामात येतं. आणि फक्त ‘मला काय जमतं’ एवढंही पुरत नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम तरुणांपुढे ‘हे कशासाठी करायचं’ हाही प्रश्न ठेवतो.

करिअर समुपदेशन हे परदेशी नवं खूळ आहे म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय 1950 मध्येच काढलं होतं.

ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांचे दोन गैरसमज उलटसुलट आहेत. काही म्हणतात, डॉक्टर असल्याशिवाय चालत नाही. काही म्हणतात, बोलता आलं की झालं. मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. करिअर समुपदेशकाला असा परवाना लागत नाही, म्हणूनच पाटी कोणीही लावतो आणि म्हणूनच शिक्षण विचारून घ्यावं. मानसशास्त्रात एम.ए. ही एक वाट. शिक्षकांसाठी एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका आहे. आपल्या भागाला भोपाळची प्रादेशिक संस्था जवळची. मात्र तालुक्याच्या गावात निव्वळ या कामावर घर चालेल, असं मला वाटत नाही. शाळा, आयटीआय, एखादी संस्था, कुठल्या तरी नोकरीला धरूनच ते करावं लागेल.

आणि ते करायचं कसं? समजा, समोर बारावीला गचकलेला पोरगा बसलाय. मान खाली. "तुला काय येते?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: "काहीच नाही." प्रश्न बदलायचा. "मागच्या मंडईत तू काय केलं?"

"काही नाही. लाइटचं पाहलं."

"किती लाइट होते? जनरेटर कुठून आणला? मध्येच बंद पडला तेव्हा कोणी चालू केला?"

पोरगा मान वर करतो. आयटीआयच्या वीजतंत्री अभ्यासक्रमाचं, म्हणजे दोन वर्षांचं, बोलणं इथून सुरू होतं.